डाव्या रांगेतला पाचवा खांब

मी, दगडू भिवा मालंडकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा समुद्रकाठच्या बंगल्यांचे लाकडी धक्के बांधणे व दुरुस्त करणे, मूळ गाव मालवण, हल्ली राहणार लालबाग, मुंबई, हा कागद स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. राज्याचे नाव मुद्दाम घातलेले नाही. सध्याचे मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य मला मान्य नाही आणि जे व्हायला हवे ते अजून झालेले नाही. वाचणाऱ्याने आपल्या वेळचे नाव घालून घ्यावे. माझे डोके ठिकाणावर आहे, हातपाय धड आहेत. कानांविषयी पुढे लिहितो. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणा माणसाचे दडपण नाही. दडपण आहे ते ओहोटीचे. आज पाणी सव्वापाचला सर्वांत खाली जाईल. त्याआधी मला माहीमला पोचायचे आहे, म्हणून अक्षर घाईचे आले आहे.

कलम पहिले. मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडतात. हे तसे उघडू नये. आज संध्याकाळी आठ वाजेपर्यंत मी घरी आलो नाही, तर माझी मुलगी मालन हिने शेजारच्या बाबुराव शिंत्र्यांकडून हे पाकीट मागून घ्यावे, तिथेच फोडावे, आणि चाळीतली चार माणसे व माझी पहार घेऊन माहीमला शरदचंद्र तळपदे यांच्या बंगल्यावर जावे. बंगल्याच्या मागे समुद्रात गेलेला धक्का आहे. त्याच्या फळ्या टोकाकडून उखडायला लागावे. माळी अडवील, मालक पोलीस बोलावतील. बोलावू देत. उद्या नारळी पौर्णिमा आहे. दुपारच्या भरतीला नारळ वाहायला तळपद्यांची सगळी मंडळी आणि आळीतली पोरेबाळे त्या धक्क्यावर उभी राहतील, आणि खाली दोन पुरुष पाणी असेल. एकाही माणसाचा पाय त्या फळ्यांवर पडता कामा नये. बाकीची कलमे नाही पाळलीत तरी चालेल, हे एक पाळा.

कलम दुसरे, कारण. धक्क्याला दोन रांगांत बारा खांब आहेत. गेल्या वैशाखात मी त्यांतले चार बदलले. डाव्या रांगेतला पाचवा चांगला म्हणून ठेवला, वरून डांबर फासले आणि काम पुरे झाले असे सांगितले. तो खांब आतून गेलेला आहे. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून खातो. बाहेर टाचणीएवढे भोक आणि आत सगळी चाळण. म्हणून आमच्या धंद्यात खांब डोळ्यांनी पाहत नाहीत, हातोडीने ठोकून ऐकतात. धड खांब एका आवाजात बोलतो. पोखरलेला दोन आवाजांत बोलतो. माझा बाप भिवा मालंडकर असेच ऐकत असे, त्याने मला शिकवले, मी माझा धाकटा भाऊ बुधाजी याला शिकवले.

मला तो खांब ऐकू आला नाही. हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. उजवा कान चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने मंदावला होता, समोर उभे राहून बोललेले तेवढे त्याला कळते. डाव्यावर माझे काम चालत होते. छप्पन्नच्या जानेवारीत लालबागच्या नाक्यावर मुंबईसह महाराष्ट्रासाठी मोर्चात उभा असताना त्या कानावर लाठी बसली. रक्त सगळ्यांनी पाहिले, पुढे समितीच्या मंडळींनी सभेत मला शाल पांघरली, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत होत्या एवढे मला दिसले. कान गेला हे मी लपवले, कारण बहिऱ्या माणसाला धक्क्याचे काम कोण देणार? त्या दिवसापासून मी हातोडी मारायची, तोंड गंभीर करायचे आणि बुधाजीच्या चेहऱ्याकडे चोरून पाहायचे, असे केले. त्याने मान हलवली की मी म्हणायचे, भक्कम. दीड वर्ष निभावले.

वैशाखात त्या पाचव्या खांबाशी बुधाजी माझ्या पाठीमागे उभा होता, त्याचा चेहरा मला दिसला नाही. शरदचंद्रराव वर फळीवर उभे राहून विचारत होते, कसा आहे? मी म्हणालो, भक्कम. बुधाजी पुढे आला.

"दादा, ह्यो खांब भितूर पोकळ आसा. परत ठोकून बघ."

मालकासमोर! मी सांगितले, "तुका काय कळता? चाळीस वर्सां मी खांब आयकतंय."

"मगे आयक ना! दोन आवाज येतत."

मी त्याच्या थोबाडीत मारली. बावन्न वर्षांच्या माणसाच्या, ज्याची नातवंडे आहेत. त्याने हत्यारांची पिशवी चिखलात ठेवली आणि चालता झाला. तीन महिने आम्ही एका मजल्यावर राहतो, एका नळावर पाणी भरतो आणि बोलत नाही.

मंगळवारी सणाआधीची पाहणी करायला गेलो. मालन डबा घेऊन आली होती. मी पाचव्यावर हातोडी मारली, तशी ती सहज म्हणाली, "बाबा, हा डबा ठोकल्यासारखा का वाजतो?" मी भोक पाडायचे गिरमिट लावले. दोन बोटे लाकूड लागले आणि मग पाते मुठीपर्यंत आत गेले. 

तसाच वर जाऊन शरदचंद्ररावांना सांगितले की धक्का बंद ठेवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "मालंडकर, वैशाखात तुमचा भाऊ पोकळ म्हणत होता तेव्हा तुम्ही त्याला मारलेत. आता तुम्ही पोकळ म्हणता. तुमची भाऊबंदकी माझ्या धक्क्यावर आणू नका." आणि फाटकाला कुलूप घातले. त्यांच्यावर माझा राग आहे, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो.

म्हणून आज मी फाटकातून जाणार नाही. माहीमच्या एका कोळ्याची होडी सांगून ठेवली आहे, ऐनाच्या लाकडाचा टेकू आणि लोखंडी पट्टे तिच्यात टाकले आहेत. ओहोटीला धक्क्याखाली शिरून पाचव्याला टेकू लावायचा आणि पाचरी ठोकायच्या. हे काम दोघांचे आहे. एकाने ठोकायचे, दुसऱ्याने खांबाला कान लावून बसायचे, कारण मोडण्याआधी लाकूड कण्हते आणि तेवढ्यात बाहेर पळावे लागते. मी एकटा आहे आणि मला ते कण्हणे ऐकू येणार नाही. एवढ्यासाठी हा कागद.

कलम तिसरे. खोलीची भाडेपावती माझी पत्नी लक्ष्मी हिच्या नावे करावी. तिला आजचे काही सांगितलेले नाही. ती शेजारी जिवतीच्या हळदीकुंकवाला गेली आहे. लक्ष्मी, तू रागावशील. तू दोनदा बोललेले मी एकदाही न ऐकल्यासारखे करतो म्हणून गेले दीड वर्ष रोज रागावतेस. मी तसे करत नव्हतो गं.

कलम चौथे. पोस्टातले पुस्तक मालनला. तिने नर्सिंगचे शिक्षण पुरे करावे. लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांनी माझ्या फोटोसमोर रडू नये.

कलम पाचवे. मालवणच्या घरातला व चार माडांचा माझा हिस्सा बुधाजीला. त्यावरून आमच्यात कधी वाद नव्हता. हे लिहून ठेवतो, म्हणजे लोकांना आमच्या अबोल्याचे नवे कारण शोधावे लागेल.

कलम सहावे. बापाची ठोकायची हातोडी, पितळी कडे असलेली, बुधाजी भिवा मालंडकर यास. ती माझ्याकडे राहण्याचा हक्क दीड वर्षापूर्वीच संपला होता. बुधाजी, तो खांब पोकळ होता. तू खरे बोललास आणि मी तुला मारले. मला त्या दिवसाची लाज वाटते, रोज नळावर तुझी पाठ पाहताना वाटते. हे तुझ्या तोंडावर बोलायचे धाडस झाले नाही म्हणून कलमात घातले आहे.

कलम सातवे. समितीची शाल माझ्या अंगावर घालून मला नेऊ नये. मुंबईसह महाराष्ट्र झाला तर त्या दिवशी ती लक्ष्मीने पांघरावी. भिंतीवर काचेत लावलेले शरदचंद्ररावांचे शिफारसपत्र, ज्यात "मालंडकरांचे काम निर्धास्त" असे लिहिले आहे, ते त्यांना परत करावे.

येथवर लिहून झाले तेव्हा तीन वाजले. बाबुरावांनी साक्ष घातली. दुसऱ्या साक्षीची जागा मी बुधाजीसाठी कोरी ठेवली आणि मालनला त्याच्याकडे पाठवले. बाबुराव परळच्या इस्पितळात कारकून होते, रोग्यांच्या मृत्युपत्रांवर साक्षी घालून त्यांना कायदा कळतो. ते म्हणाले, "ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, दगडूशेठ." मी म्हणालो, तो येणारच नाही, काळजी नको.

तो आला. दारातच उभा राहिला. बाबुरावांनी त्याला सगळा कागद वाचून दाखवला, सहावे कलमही. मी खाली पाहत होतो. मग बाबुरावांनी टाक पुढे केला, तो त्याने घेतला नाही. काय बोलला ते मला कळले नाही. मी म्हटले, माका आयकाक येना नाय, मोठ्यान सांग. आयुष्यात पहिल्यांदा म्हटले. तेव्हा तो जवळ आला आणि माझ्या उजव्या कानाशी ओरडला:

"साक्षीदार मागे रवणारो होयो! मी खय मागे रवतंय? तुझ्याबरोबर खाली येतंय मी!"

आणि खुंटीवरची हातोडी काढून घेतली.

सबब कलम सहावे यातला हातोडीपुरता मजकूर खोडला आहे. ती वस्तू आता माझ्या मालकीची नाही. उरलेला मजकूर खोडलेला नाही. आम्ही दोघेही न परतलो तर कलम पाचवे बुधाजीच्या मुलांना लागू करावे, आणि कलम पहिले आहे तसेच पाळावे.

सही: दगडू भिवा मालंडकर

साक्षीदार:
१. बाबुराव गणेश शिंत्रे, खोली क्रमांक १४
२. रामदास विठू पेडणेकर, चाळीखालचे चहावाले, बुधाजी यांनी नकार दिल्यावरून बोलावले

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक ९ ऑगस्ट १९५७, दुपारी साडेतीन, ओहोटी लागलेली

(पाकिटावर बाबुरावांच्या अक्षरात)

सदर पाकीट माझ्या ताब्यात होते. मालन साडेसातपासून दारात येऊन बसली होती. आठाला दहा मिनिटे कमी असताना तिने पाकिटाला हात घातला, तेवढ्यात जिन्यात मोठमोठ्याने भांडण ऐकू आले. बुधाजी ओरडत होता की पाचर वाकडी ठोकलीस, आणि दगडू ओरडत होता की काय म्हणतोस, परत सांग. पाकीट न फोडता परत केले.