सालीच्या आतली वाट

प्रिय विद्या,

तू गेल्यावर तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल हेदवीहून तुझ्या आबांचा फोन आला. परवा सकाळी ते कलमांच्या फांद्यांना वळी काढणार आहेत. तू शिकवलीस तशी, बोटभर रुंद साल गोल सोलून. तू गेल्यापासून दर वर्षी काढतात. आंब्यासाठी की तुझ्यासाठी, हे मला विचारता आलं नाही.

मी म्हटलं, यंदा नको.

"का गो? विद्यानं सांगितलंन ते खोटं होय?"

ते खोटं आहे, विद्या. कसं सांगू त्यांना?

आठवतं, रोपवाटिकेत आपण कुंडीतल्या कलमांच्या मुळांना, मागोवा घेता यावा म्हणून खूण लावलेलं संजीवक दिलं होतं? पालवी फुटायला लावणारं, मोहोर अडवणारं. जिवंत झाडात ते कुठल्या वाटेनं चढतं ते बघायचं होतं. तू म्हणालीस, सालीतून. वळं काढलं की वाट बंद. वळ्याच्या वरच्या सालीत खूण मिळाली नाही तेव्हा हात धुवायच्या आधी तू आबांना फोन केलास!

त्या हंगामात त्यांच्या कलमांना मोहोर आलाही. पण थंडीही चांगली पडली होती. ती हिशेबात का धरली नाहीस? मी विचारलं तर म्हणालीस, माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही. हसत म्हणालीस. मला लागलं.

तू सालीत शोधलंस. मी आता लाकडातही शोधलं. संजीवक पाण्याबरोबर लाकडातून चढतं, वळं ओलांडून थेट पालवीत. पुन्हा पुन्हा पाहिलं. तेच.

तू असतीस तर भांडली असतीस. मग रागानं स्वतः करून पाहिलं असतंस. आता मी कोणाशी भांडू?

आबांच्या काही फांद्या वाळल्या आहेत. जुनी जखम भरायच्या आत नवी. ते पावसाला दोष देतात. त्यांना कळत नसेल? की कळूनही चाकू उचलतात?

उद्या पहिल्या एसटीनं निघते. आपल्या शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं राहील आणि आत तुझी चूकही राहील. आबांना ती मी समोर बसून सांगेन. रागावले तरी उठणार नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांना ती ऐकू देणार नाही, एवढं नक्की.

तुझी,
मेधा