आप्पांची गाठ

नाशिक, मंगळवार

तीर्थरूप आप्पांना मंजुषाचा पाया पडून नमस्कार.

फोनवर "बोट" म्हटलं की तुम्ही पुढचं ऐकतच नाही, म्हणून लिहितेय. मी खुशाल आहे, हे आधी वाचा.

धरणावर माझ्यासारख्या, पाय न चालणाऱ्यांसाठी वेगळी बोट आहे. तिच्यात पाठ टेकायला खुर्ची आणि छातीला पट्टा. पहिल्याच दिवशी त्या पट्ट्याचं उरलेलं टोक मी खुर्चीच्या दांड्याला तुमच्या गाठीने बांधून टाकलं. शाळेत नेताना सायकलच्या कॅरिअरवर मला उपरण्याने बांधायचात ना, तीच गाठ. शिकवणाऱ्या उज्वला मॅडमनी काठावरच विचारलं, "बोट उलटली तर हे सुटेल का?" मला सोडता येईना. त्यांनाही येईना. शेवटी त्यांनी दातांनी सोडली. मी लय बोलणी खाल्ली.

काल त्यांनी दोन पोहणारे शेजारी उभे केले आणि मुद्दाम बोट उलटवली. घाबरू नका, झालं ते. डोकं पाण्याखाली गेलं, मी पट्टा ओढला, एका झटक्यात सुटला आणि मी वर. वर आल्यावर आधी शिंकले, आईला सांगा, हसेल.

मग एकटीने वल्ही मारत लांबवर गेले. मागे मॅडमची मोटरबोट होती, पण मला कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही.

आईचा गुडघा कसा आहे? कांदे काढून झाले का?

रविवारी दोघं या. पट्टा तुम्हीच लावा, तुमच्याइतका घट्ट कुणाला जमत नाही. फक्त आप्पा, गाठ मारू नका.

तुमची मंजू