बिनउंबऱ्याची न्हाणी

अहो,
न्हाणीत पाय टाकू नका. गवंड्यानं सकाळी मारलेला वॉटरप्रूफिंगचा ओला थर तुमच्या आबांनी थापीनं खरवडून काढलाय. मी ओरडले, तर हात जोडून म्हणाले, "वैनी, मालकास्नी सांगू नगासा." पूर्वीसारखं आपण कुणाच्या तरी घरी फरशी बसवायला आलोय, असंच त्यांना वाटतंय. ते पडू नयेत म्हणून त्यांच्यासाठीच उंबरा काढलाय, असं किती सांगितलं, पण पटेना. तुमचं नाव घेऊन रडायला लागले, "घरी सोडा, सम्राट शाळेतनं आला असंल." त्यांना रंकाळ्यापर्यंत फिरवून आणते. गवंड्याला फोन तुम्हीच करा. आम्ही परत आलो की दार उघडून म्हणा, "आलासा, आबा?"

तेजस्वी