ठमीची नाडी

४ सप्टेंबर
झालं, शब्द देऊन बसलो! आमच्या ठमीनं लांब पल्ल्याची शर्यत पुरी केली तर ती घरी राहणार. नाही केली तर दादा तिला विकणार. म्हणे ही घोडी नुसती खाते आणि झोपते. मी तरी वेगळं काय करतो? पण मला कोणी विकायला काढत नाही – गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणून असेल.

९ सप्टेंबर
पाच दिवस नुसती चाल. ठमी ताजीतवानी. मला खुर्चीवर बसवत नाही, हे उभ्यानं लिहितोय.

२ ऑक्टोबर
आता दुडक्या चालीनं टेकडी चढतो. तिचं पोट आत गेलं, माझं आहे तिथंच. खरारा करताना ती माझ्या खांद्यावर मान टाकते. फार जीव जडलाय. विकली तर मला सहन होणार नाही.

१४ ऑक्टोबर
घोड्यांचे डॉक्टर येऊन गेले. नुसतं पोचून भागत नाही म्हणे! पोचल्यावर ठरलेल्या वेळात घोड्याची नाडी उतरली पाहिजे, नाहीतर बाद. ठमीची उतरेना. मी चुचकारतोय, कानाशी बोलतोय – नाडी आपली चढतीच. दादा कुंपणाला रेलून मजा बघत होता.

२६ ऑक्टोबर
पुन्हा तेच. डॉक्टर आले, नाडी चढतीच.

३ नोव्हेंबर
उलगडा झाला! डॉक्टरांनी कानातली नळी काढली.
"तुम्ही तिला सारखं काय सांगताय?"
"शांत हो म्हणतोय."
"नाही. 'चल, शांत हो' म्हणताय. 'चल, झालं आता.' 'चल, शहाणी ना तू?' ती बिचारी निघायच्या तयारीत उभी आहे."
'चल' ऐकलं की निघायचं, हे मीच तर तिला शिकवलं! वहिनी हसून हसून खाली बसली. मग उठून तिनं ठमीला धरलं, तोंडातून चकार शब्द काढला नाही. नाडी झरझर उतरली.

४ नोव्हेंबर
'चल' बंद. दुपारपर्यंतही टिकलं नाही. शेवटी ठरलं – तपासणीच्या वेळी वहिनी धरणार, मी लांब.

१९ नोव्हेंबर
वहिनीला गोडी लागलीय. सकाळी माझ्याआधी तबेल्यात हजर!

७ डिसेंबर
पोचलो! सगळ्यांच्या मागून, पण पोचलो. लगाम वहिनीच्या हातात दिला आणि ट्रकमागे तोंड दाबून उभा राहिलो. ठमी पास झाली. मी तिथंच रडलो. दादानं पाठीवर थाप मारली. ठमी आता कुठं जात नाही म्हणाला.

११ डिसेंबर
दादानं शब्द पाळला. सकाळी तबेल्यात गेलो तर ठमीवर खोगीर, खोगिरावर वहिनी. मी पुढं झालो, तर म्हणाली, "भाऊजी, लांबच थांबा हं. तुम्हाला बघून तिची नाडी चढते."
दोघी फाटकातून बाहेर पडल्या. ठमीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.