तंदुराचा दोष

३ मेहर, शरदातली सकाळ.
उकळता चहा उकळताच पिणारा, परंपरेशी प्रामाणिक असा इराणच्या या गोम्बद शहरात मी एकटाच उरलो आहे. बाकीचे फुंकर मारतात. पस्तीस वर्षे शाळेत फारसी व्याकरण शिकवले, कधी फुंकर मारली नाही.
आज नानचा घास छातीत अडकला. आयनाबातने कणीक नीट मळली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीची ही प्रगती!

१८ मेहर.
पुन्हा अडकला. तिला कणीक मळण्याची सात सूत्रे लिहून दिली. तिला वाचता येत नाही. शिकवायला मला सवड झाली नाही. म्हणून दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

६ आबान.
मेहुणा बेर्दी आला. म्हणाला, दाजी, पार वाळलात की! कोट चालत आला असं वाटलं. आत कोणी दिसेचना. डॉक्टरला दाखवा. मिताहार ही संकल्पना त्याला अपरिचित आहे. पट्ट्याला दोन नवी भोके पाडली, समान अंतरावर.

२२ आबान.
निदान झाले. दोष कणकेत नसून तंदुरात आहे, आच असमान. आयनाबात म्हणाली, तंदूर कधी पाडत नसतात, मास्तर, पाप लागतं. माझ्या आईने लिंपलाय. पावसाने विरेल तेव्हा विरेल. या अंधश्रद्धेचे मी सप्रमाण खंडन केले.

दुपार.
पाडला. ती ओढणीत ढेकळे वेचत बसली होती. बेकरीतून नान आणला. तोही अडकला. बेकरीवाल्याला पत्र लिहिणे.

१५ आजर.
आता सूपही उतरत नाही. बेर्दीने जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बिणीची नळी घातली. अन्ननलिकेत गाठ. विचारले, चहा किती गरम पिता? मी म्हणालो, यथायोग्य. त्या म्हणाल्या, पहिला घास अडकला तेव्हाच यायचं होतं हो, तेव्हा कापून काढता आली असती, आता नाही.
अहवालात व्याकरणाचे दोन दोष होते. दुरुस्त करून परत दिला.

११ बहमन.
पोटावर नळी बसवली आहे. आयनाबात चहा निववते, तान्ह्याच्या दुधासारखा मनगटावर थेंब टाकून पाहते आणि नळीत ओतते. कोमट चहा, या घरात!
अंगणात तिने जुनी ढेकळे भिजवून नवा तंदूर लिंपायला घेतला आहे. मला तर नान वर्ज्य. मी विचारले, कोणासाठी? म्हणाली, माणसं येतील की, मास्तर. त्यांना नान नको?
सात सूत्रे पुन्हा वाचून दाखवू का, असे विचारले.
म्हणाली, नको. मला येतो नान.