उशा किती घेता?

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. हॉस्पिटलच्या कृतज्ञता वर्गात सांगितलंय की हार्टच्या पेशंटने मन मोकळं करावं. मोकळं करायला माझं मन म्हणजे काय पोतं आहे? तरी लिहितो. पुरावा लेखी असलेला बरा.

वर्ग असा: अटॅक येऊन गेलेली माणसं दर मंगळवारी गोल करून बसतात. प्रत्येकाला एक जोडीदार देतात. रोज सकाळी सातला फोनवर एकमेकांना तीन-तीन आभार सांगायचे. हे सगळं फुकट. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्या वाट्याला गाद्यांचा दुकानदार आलाय. गोल माणूस, सारखा हसतो. असं हसणारं पोर मी वर्गात कायम पहिल्या बाकावर आणून बसवायचो.

शेवटी सिस्टर जोडीदारांनी काय करायचं ते बराच वेळ समजावत होत्या. मागे दोन बायका कुजबुजत होत्या, माझं लक्ष तिकडे. सगळी नोकरी परीक्षेत कॉपी पकडण्यात गेली, मान आपोआप वळते. सिस्टरांचं संपल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

३ फेब्रुवारी, सकाळी
पहिला फोन. त्याचे आभार: सूर्य, श्वास, दोन पाय. सरळसरळ गाइडमधलं उत्तर. माझे: शिस्त, स्वावलंबन, घड्याळ.

मग म्हणाला, सर, रात्री उशा किती घेता? मी म्हटलं, एक, का? म्हणाला, सहज.

गादीवाला उशा सहज विचारत नसतो.

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज चालणे. मीठ बंद. गादीवाल्याकडून काहीही विकत न घेणे.

दुपारी आमच्या शाळेच्या हेडबाईंचा फोन. मोठ्या परीक्षेला सुपरव्हिजनसाठी माणसं कमी पडतात, तुम्ही तीन मार्चला याल का? तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. बदनाम हॉल आहे तो, भिंतीतूनसुद्धा चिठ्ठ्या निघतात. हल्लीचे सुपरवायझर तिथे खिडकीबाहेर बघत उभे राहतात. खिडकीबाहेर बघणारा सुपरवायझर म्हणजे कॉपीतला भागीदार, हे मी स्टाफरूममध्ये तोंडावर सांगितलेलं आहे. हो म्हणून टाकलं.

बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून विचारणार नाही. साधं लॉजिक आहे.

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं. अटॅक आल्यापासून घरात सगळे मला कपबशीसारखं धरतात. त्या हॉलमध्ये मी परत सर असेन.

९ फेब्रुवारी
काल माझे आभार: हवा, प्रकाश, चष्मा. आज गादीवाल्याचे: हवा, प्रकाश, दुकानाचं शटर. म्हटलं, योगायोग असेल. पण योगायोगावर माझा कधीच विश्वास नव्हता.

११ फेब्रुवारी
सापळा लावला. तिसरा आभार मुद्दाम वेडपट दिला: पंख्याचा रेग्युलेटर. जगात कुणीही स्वतःहून रेग्युलेटरचे आभार मानणार नाही.

१२ फेब्रुवारी, सात वाजून पाच मिनिटं
रेग्युलेटर म्हणाला! रंगेहाथ पकडला. काही बोललो नाही, आधी केस पक्की करावी. त्यावर परत तेच, सर, उशा किती? एकच, म्हटलं. म्हणाला, छान.

छान काय? गिऱ्हाईक हातचं जात असताना दुकानदार छान म्हणतो का?

१४ फेब्रुवारी
आज नवीनच. म्हणाला, सर, चप्पल घट्ट होते का हल्ली? म्हणजे याचा साडू चपलांच्या धंद्यात असणार. उशी एकाने विकायची, चप्पल दुसऱ्याने. चप्पल उलट सैल होते म्हणून सांगितलं.

खरं तर होते घट्ट. स्वस्तातला माल, आटतो. मोज्यांचंही तेच. संध्याकाळी काढले की घोट्यावर वळ दिसतात. इलॅस्टिकमध्ये भेसळ.

१६ फेब्रुवारी
मीठबंदी कडक चालू आहे. बायको जेवणात मीठच घालत नाही, त्यामुळे शरीरात मिठाची तूट येते. ती भरून काढायला कपाटात इतिहासाच्या गाइडमागे वेफर्सचं पाकीट ठेवलंय. औषध म्हणून.

१७ फेब्रुवारी
गादीवाल्याने वजन विचारलं. आता शिंपीही यांच्या टोळीत आहे.

वजन केलं. वाढलंय. वेफर्स वजनाला हलके असतात हे कुणीही सांगेल, म्हणजे काटाच खोटा. बायकोला उभं केलं. तिचं जेवढ्यास तेवढं. काटा माणूस बघून दाखवतो.

१९ फेब्रुवारी
चालायला गेलो. येताना पहिल्याच मजल्यावर थांबावं लागलं. बिल्डिंगच्या पायऱ्या उंच केल्यात. मागच्या महिन्यात फरशा बदलल्या तेव्हाच मला शंका आली होती. वॉचमनला विचारलं, म्हणाला तेवढ्याच आहेत. त्याला वरून दम असणार.

बायकोला सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

२१ फेब्रुवारी
रात्री आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. दोन उशा घेतल्या, बरं वाटलं. गादीवाल्याला अर्थात एकच सांगितली. दोन म्हटलं की लगेच कॅटलॉग घेऊन दारात उभा राहील.

फोनवर बोलताना मला जरा धाप लागत होती. त्याने विचारलं, सर, पळत आलात का? म्हटलं, व्यायाम करत होतो. बरा सुचला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
वर्गाला गेलो नाही. सिस्टर ब्लडप्रेशर बघतात, पाय दाबून बघतात, आणि मग डॉक्टरांच्या कानाला लागतात. तीन मार्च होईपर्यंत मला कुणाच्याही कानाला लागलेलं नको आहे.

आजचे आभार: बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे व्यायाम होतो. (पहिल्या मजल्यावर दोनदा बसलो.)

२५ फेब्रुवारी
तीन उशा.

२७ फेब्रुवारी
आता आरामखुर्चीत झोपतो. बसून झोपणं ही जुनी शिस्त आहे, सुपरव्हिजनची तयारी आपोआप होते. थोडा खोकला आहे. हवा बदलते आहे.

बायको समोर येऊन बसली. म्हणाली, अहो, माझ्याशी तरी खरं बोला, मला भीती वाटते. मी म्हटलं, तुझ्या भीतीला मी काय करू? उठून आत गेली. भांडी आज हळू वाजत होती, नेहमी राग आला की जोरात वाजतात. मला ते आवडलं नाही.

भीती मलाही वाटते. पण एकदा ते म्हटलं की तिसरा मजला गेला.

१ मार्च
कटाचा सुगावा लागला. मी डोळे मिटून खुर्चीत होतो, बायकोला वाटलं झोपलो. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून दबक्या आवाजात बोलत होती. शब्द ऐकू आले: खुर्ची, पाय, खोकला. पलीकडे गादीवाला! आवाज ओळखला, हसत नव्हता तरी.

म्हणजे घरातच फितुरी. मी तिला काही विचारलं नाही. फोन सायलेंट करून टाकला. आता आभार बंद. परीक्षा झाल्यावर दोघांचा हिशेब बघतो.

२ मार्च
कपडे इस्त्री करून ठेवले. बूट चढेनात. जुन्या चपला घातल्या, पट्टा शेवटच्या भोकात. उद्या सगळे मुलांच्या हाताकडे बघतील, माझ्या पायांकडे कोण बघतंय.

गादीवाल्याचे पाच मिस्ड कॉल. धंदा अडला असेल.

५ मार्च, हॉस्पिटल
लिहायला आज हात उठला. बायकोने वही आणून दिली, वाचली नाही म्हणते. विश्वास ठेवतो.

परवाचं जसं झालं तसं लिहितो. बायको अंघोळीला गेल्यावर निघालो. शाळेचा पहिला मजला ठीक. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात हवाच नव्हती. पायरीवर बसलो. शिपाई आला, त्याला सांगितलं की जिन्याची पाहणी करतोय. तो बिचारा खरं मानून पुढे गेला. घंटा झाली, वर पेपर वाटायला लागले, मला आवाज येत होता. मी उठायचं ठरवलं. तीन-चारदा ठरवलं.

मग खालून गादीवाला आला. बायकोने घरात मी नाही हे बघून त्यालाच फोन केला होता. त्याचा माल पोचवायचा टेम्पो बाहेर, बरोबर दुकानातले दोन हमाल, आणि त्यांच्या खांद्यावर एक सिंगल गादी. स्वतः जिना चढून आला होता, घामाने निथळत. म्हणाला, सर, आता उशा विचारत नाही, गप झोपा.

दोन हमालांनी मला गादीवर घालून उचललं. तळमजल्यावरच्या वर्गांची दारं उघडी होती. सगळी मुलं पेपर सोडून मान वर करून बघत होती. मान खाली घाला म्हणायचं होतं, पण तेवढा श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हार्टचा पंप कमी पडतोय, पायांत पाणी साठलंय, फुफ्फुसात पाणी साठलंय. किती दिवस चाललं होतं हे? पहिल्याच दिवशी लिहिलंय की पाणी मुरतंय म्हणून. फक्त कुठे, ते चुकलं.

६ मार्च
सिस्टर आल्या. वर्गातल्याच. रागावलेल्या, पण सुई हळू टोचतात. म्हणाल्या, सर, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, आभार झाले की जोडीदाराने रोज विचारायचं, उशा किती, चप्पल घट्ट होते का, वजन किती. हार्टवाल्याच्या अंगात पाणी साठायला लागलं की ते आधी यातूनच कळतं. तो बिचारा एक दिवस चुकला नाही, आणि तुम्ही रोज एक, एक सांगत राहिलात.

मी म्हटलं, हो, चुकलंच.

मग जाता जाता म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांना काय विचारलंत? त्यांच्या उशा किती?

मी भिंतीकडे बघितलं. सिस्टर गेल्या. महिनाभरात मी त्या माणसाला एक प्रश्न विचारलेला नाही. फक्त त्याची कॉपी पकडली.

७ मार्च, सकाळी सात
फोन मी केला. आभारांचं जमलं नाही. डायरेक्ट विचारलं, गादीवाले, उशा किती घेता?

हसला. म्हणाला, एक हो, सर. पण ‘एक’ आणि ‘हो’ यांच्या मध्ये श्वास घेतला. असा ‘एक’ मी स्वतः कितीदा म्हटलेला आहे, मला कोण फसवणार. परत विचारलं. म्हणाला, एकच, सर, व्यायाम करत होतो.

व्यायाम! ते तर माझं उत्तर. फोन चालू ठेवून सिस्टरला बेल मारली. बेल सोडलीच नाही, बाजूचे पेशंट ओरडायला लागले तरी सोडली नाही. आयुष्यभर संशय घेतला, पण असा दुसऱ्यासाठी कधी घेतला नव्हता.

७ मार्च, दुपार
सिस्टरांनी त्याच्या मुलाला फोन लावला, मुलाने आणला. चार उशा निघाल्या. दुकानात उशांना काय तोटा. जिने चढल्यामुळे नाही, आधीपासूनच होतं म्हणे. मला खरं वाटलं नाही, पण डॉक्टरांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं.

रात्रीपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. बायको आणि मी दोघं बसून होतो. तिचा हात धरला. नर्स बघत होत्या, बघू देत.

८ मार्च
वाचला. आज दुसरं काही लिहायचं नाही.

१० मार्च, सकाळी सात
गादीवाला आता शेजारच्या कॉटवर आहे. सात वाजता इतक्या जवळून फोन करायला लागला, बायकोने दोघांचेही फोन काढून घेतले.

कॉपीचा विषय मीच काढला. लाजला. म्हणाला, घरवाली गेल्यापासून सकाळी काही सुचत नाही, सर. तुम्ही जे म्हणाल ते दिवसभर घरात शोधायचो. तुम्ही रेग्युलेटर म्हणालात म्हणून वर बघितलं, तर पंखा फिरत होता. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं.

त्या दिवशी तो रेग्युलेटर मी नुसता सापळा म्हणून दिला होता.

हेडबाईंचा निरोप आला की तिसऱ्या मजल्यावर दुसरे सर नेमले, तुम्ही काळजी करू नका. वेफर्सचं पाकीट बायकोला सापडलं. वर्गात पुढच्या मंगळवारी माझं उदाहरण देणार आहेत, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल. उशा दोघांना दोन-दोन, पाणी मोजून.

मग आभार. माझे: सिंगल गादी, सिस्टरची बेल, तुम्ही.

त्याने वर पंख्याकडे बघितलं. मग त्याचे: सिंगल गादी, सिस्टरची बेल, तुम्ही.

सरळसरळ कॉपी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.