समान अंतराची गिटार

१२ ऑगस्ट १९६१
नागपुरात स्पॅनिश गिटार मिळत नाही. घनश्याम मास्तर स्वतः दुकानांतून विचारून आले आणि आज यवतमाळात माझ्या सुतारीच्या दुकानात बसून त्यांनी पक्के सांगितले. मागवायची तर कलकत्त्याहून, आणि येईल तेव्हा येईल. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवतात. कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या मित्राची गिटार वाजवायचे. जानेवारीच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचे त्यांच्या मनात होते.
मी म्हणालो, त्यात काय, पेटीच तर आहे, तिला मान लावली. मी करून देतो.
शेजारचा जफर सायकलवाला पंक्चर काढता काढता म्हणाला, "मिस्त्री, आजवर तुमी जे केलं त्याच्यावर लोक झोपतात. हे वाजवाचं हाय." यात हसण्यासारखे काही नव्हते. मास्तर उगीच हसले.
जोहराबीला फक्त उर्दू वाचता येते, म्हणून ही डायरी मराठीत. बायकोपासून लपवण्यासारखे काही नाही. पण सोय आहे.

१४ ऑगस्ट
मास्तरांनी इंग्रजी मासिकातले चित्र दिले. खुर्चीवर एक माणूस, मांडीवर गिटार. नीट पाहिले. अवघड काही नाही. दिवाळीपर्यंत होईल. मग जमिलाचा पलंग. ईदनंतर तिचा निकाह, वणीला. व्याही गुलाम नबी, ट्रकवाले. अर्ध्या यवतमाळच्या मुली माझ्या हातचा पलंग घेऊन सासरी गेल्या. मिस्त्रीच्या स्वतःच्या मुलीचा कसा होतो हे बघायला लोक टपले आहेत. बघू देत.

२७ ऑगस्ट
पावसामुळे दुकानातले सगळे लाकूड ओले. गिटारला कोरडे हवे. कोरडी एकच फळी आहे, माळ्यावर. झरीच्या जंगलातले सागवान, दोन फुटांहून रुंद, एकसंध. जमिला जन्मली त्या वर्षी तिच्या पलंगाच्या उशाकडच्या उभ्या पाटीसाठी ठेवलेली. या फळीला हात लावायचा नाही. ठरले.

३ सप्टेंबर
फळी खाली उतरवली. फक्त बघायला. बोटाने वाजवून पाहिली. काय आवाज!

४ सप्टेंबर
फळीच्या मधोमध गिटारच्या आकाराचा तुकडा कापला. मधलाच, कारण रेषा तिथेच सरळ आहेत. कडांना धक्का नाही. पलंगासाठी दुसरी फळी आणू. सागवानाच्या जिल्ह्यात सागवानाला काय तोटा? जोहराबीला योग्य वेळी सांगेन. तूर्त फळी भिंतीला टेकवून वर गोणपाट टाकला आहे.

२० सप्टेंबर
तुकडा जाडीतून चिरून दोन पाने काढली, एक पुढचे, एक मागचे. पुढच्याला मधे गोल भोक. मास्तरांचे म्हणणे, पातळ हवे. रंधा मारून पातळ केले. हात धजत नव्हता. आमच्या दुकानातून असा पापड आजवर बाहेर गेलेला नाही.

१५ ऑक्टोबर
आज मानेवरच्या पितळी पट्ट्या. पट्टीवर बोट दाबले की सूर बदलतो, एवढेच. चित्रात मात्र एक घोळ आहे. मानेच्या टोकाला पट्ट्या लांब लांब आणि पोटाकडे येताना जवळ जवळ. फोटोवाल्याची चूक. रेल्वेचे रूळही लांबून असेच जवळ आलेले दिसतात.
उस्तादांनी मला खिडकीचे गज बसवायला शिकवले, तेव्हा दोन गजांत सुतभर फरक पडला तरी फुटपट्टी बोटांवर यायची. कंपासने मान मोजली, सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर बसवल्या. बघत राहावे असे काम.
जमिला चहा घेऊन आली. चित्र बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "अब्बा, लांब गेल्या म्हणून पट्ट्या जवळ दिसतात, तर मग या माणसाचा हात काहून लहान नाही झाला?"
मी म्हणालो, फोटोचे शास्त्र वेगळे असते.
ती म्हणाली, "बरं."
हे 'बरं' तिने आईकडून उचलले आहे.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली. घाईचे काम म्हणजे खराब काम. गॅदरिंग जानेवारीत आहे.

२ डिसेंबर
तारांचा प्रश्न सुटला. जाड तारा सितारच्या. बारीक तीन तारांसाठी गादीवाल्या पिंजाऱ्याकडून आतड्याची तांत आणली, त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीला लावतात तीच. जफरने विचारले, "मिस्त्री, गाणं करून राह्यले का गादी?"
मास्तर दुकानात डोकावले होते. पडदा ओढून घेतला. अर्धे काम गिऱ्हाइकाला दाखवायचे नाही, हा दुकानाचा कायदा आहे.

२८ डिसेंबर
जोहराबीने विचारले, पलंग कुठवर आला? म्हटले, डिझाइनचा विचार चालू आहे. ती म्हणाली, "लोकांच्या पोरींचे पलंग तर तुम्ही बिना विचाराचे करता."

२० जानेवारी १९६२
गॅदरिंग. पॉलिश सकाळपर्यंत ओले होते, त्यामुळे गिटार थेट स्टेजमागे नेऊन दिली. मास्तरांनी हातात घेतली, उलटसुलट केली, म्हणाले, "वा मिस्त्री, काय फिनिशिंग हाय!" खुंट्या पिळून तारा लावल्या. पडदा वर गेला.
मोकळ्या तारा छेडल्या तेव्हा मंडप गप्प झाला. हे मी ऐकले आहे. माझ्या हातच्या वस्तूतून तो आवाज आला.
मग त्यांनी पट्टीवर बोट ठेवले.
पुढचे थोडक्यात. मागून कोणी तरी ओरडले, "अरे, बकरी कोणी सोडली बे?" पोरे बेंचवर आडवी झाली. मास्तर घामाघूम. त्यांनी उरलेले गाणे मोकळ्या तारांवरच कसेबसे संपवले. मधे एकदा माझ्याकडे पाहिले. मी वर पाहिले. मंडपाला छत नव्हते.
जमिला बायकांत बसली होती.

२१ जानेवारी
थंडीने झाले असेल. किंवा तांत ताणली नसेल. शिवाय मास्तरांनी बऱ्याच वर्षांत वाजवलेली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

२५ जानेवारी
रोज तारा लावतो आहे. एक पट्टी सुरात आणली की दुसरी जाते. दुसरी आणली की सगळ्याच जातात.

२८ जानेवारी
मास्तर आले. रागावले असते तर बरे झाले असते. गिटार मांडीवर घेऊन हळूच विचारले, "मिस्त्री, पट्ट्या सारख्या काहून बसवल्या?"
मी म्हणालो, "सारख्या नाही बसवायच्या?"
त्यांनी दोरा धरून दाखवले. सूर चढतो तसे अंतर कमी होत जाते. सगळ्या जगात असेच असते. चित्रातही तसेच होते.
मी म्हणालो, "मले वाटलं, फोटोवाल्यानं..." आणि थांबलो. दारात जमिला चहा घेऊन उभी होती. आज ती 'बरं'सुद्धा म्हणाली नाही.
मास्तर जाताना म्हणाले, गॅदरिंगचं मनावर घेऊ नका, माझी सुद्धा चूक आहे, मी आधी पाह्यला पाहिजे होती. पडदा मी ओढला होता. गिटार ठेवून गेले.

३ फेब्रुवारी
सगळीकडे अष्टग्रहीची चर्चा. आठ ग्रह एका राशीत आले, परवापर्यंत जग बुडणार म्हणतात. आपला यावर विश्वास नाही. पण बुडालेच, तर पलंगाचा प्रश्न राहत नाही.

६ फेब्रुवारी
बुडाले नाही.

२२ फेब्रुवारी
रोजे चालू. सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. सागवान ढीगभर आहे आणि सगळे ओले. त्याचा पलंग केला तर वणीच्या उन्हात मे महिन्यात उशाची फळी तडकेल. माझ्या मुलीच्या डोक्याशी. मुरलेली फळी एकच होती.

११ मार्च
ईद झाली. आज जोहराबीने झाडताना गोणपाट उचलला. फळीच्या मधल्या भोकातून तिचा चेहरा दिसत होता. मला वाटले ओरडेल. ती भोकातूनच म्हणाली, "आणि हा तुकडा कुठं हाय?"
मी खुंटीवरच्या गिटारकडे बोट केले.
ती खाली बसली. म्हणाली, "अठरा वर्षं त्या माळ्यावर मी वाळवीचं औषध टाकलं."


१८ मार्च
गिटार सोडवली. सरस गरम पाण्याने सुटला. मान बाजूला ठेवली. दोन्ही पाने एकावर एक चिकटवली, मागून आधाराची पट्टी दिली आणि तो तुकडा फळीच्या भोकात ठेवून दाबला. बसला. करवतीने खाल्लेली फट तेवढी राहिली, ती भुसा आणि सरसाने भरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही तरी जिथल्या तिथे बसले.
गोल भोक उरले. मधोमध. त्यावर फूल कोरून बसवावे की चांदणी, विचार करत होतो. जमिला आली, तिने आपला गोल आरसा भोकाजवळ धरला. म्हणाली, "अब्बा, हा बसेल." बसला.

३१ मार्च
पलंग तयार. पाय, पाट्या, कातीव काम, सगळे पहिल्या दर्जाचे. उशाकडे लांबून पाहिले की गिटार दिसते. जवळून पाहिले की जास्त दिसते. पॉलिशचे तीन हात दिले, प्रत्येक हाताने ती उजळतच गेली.
जफर आला, वाकून पाहिले, म्हणाला, "आता बरोबर हाय, मिस्त्री. याच्यावर लोक झोपतील." मग जमिला दिसली तसा आपल्या सायकलींकडे परतला.
जोहराबीने विचारले, वणीच्या बायकांनी पुसले तर काय सांगायचे? मी काही बोलायच्या आत जमिला म्हणाली, "सांगीन, माझ्या अब्बाचं स्वतःचं डिझाइन हाय. अख्ख्या यवतमाळात एकच." ती हसली नाही. हसली असती तर मला सोपे गेले असते.
उद्या निकाह. दुपारी गुलाम नबींचा ट्रक येईल. रिवाजाप्रमाणे सामान उघड्या ट्रकवर, सगळ्यांना दिसेल असे रचतील. पलंगाच्या उशाची फळी मागच्या बाजूला येणार, म्हणजे बाजारातून जाताना सगळे बघणार. घनश्याम मास्तर निरोप द्यायला चौकात थांबणार आहेत.
मी पुढे बसेन, ड्रायव्हरशेजारी. तिथून मागचे काही दिसत नाही. फक्त खिडकीबाहेर एक आरसा असतो.